गायकवाडबाईंचं थांबणारं मटण

शोकसभेत हेडसर उभे राहिले, खिशातून रुमाल काढला, कोरड्या डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "बाईंच्या हाताला काय चव होती, काय सांगू तुम्हाला."

सांगू नकाच. तुम्हाला ती ठाऊकच नाही. हा माणूस गायकवाडबाईंबरोबर एका स्टाफरूममध्ये, एका पंख्याखाली अख्खी नोकरी बसला आणि त्या नोकरीत त्यानं बाईंच्या घरचा पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो. हातात चहाचा कागदी कप होता. तो मी असा काही आवळला, की चहाचा फवारा पुढच्या रांगेत संस्थेच्या सेक्रेटरींच्या टकलावर गेला. त्यांना वाटलं छत गळतंय. मावळात छत गळण्याचं कुणाला नवल नाही, म्हणून मी वाचलो.

शोकसभेत राग गिळावा लागतो. कागदावर गिळावा लागत नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय.

बाई शास्त्र शिकवायच्या आणि मी पीटीचा मास्तर. शाळा मावळातलीच, नाव कशाला घ्या. बाईंचं घर लोणावळ्यात, कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नव्हता. वर्गात बाई एखाद्या पोरावर तापल्या, की तिकडे उर्स्याच्या टोलनाक्यावरचा दांडा आपोआप वर जायचा आणि पाच-दहा गाड्या फुकटात मुंबईला लागायच्या. ड्यूक्स नोजच्या सुळक्यावरची माकडं पर्यटकांची हिसकावलेली कणसं परत करायची. तुमचा विश्वास बसत नसेल, तर माकडांना विचारा.

पण हा बाईंचा साधा राग. त्याला कुणी घाबरायचं नाही. घाबरायचं ते दुसऱ्या रागाला. तो आला की आवाज खाली यायचा, "बरं का सर" अशी सुरुवात व्हायची, आणि समोरचा दाराकडे बघायला लागायचा.

हा दुसरा राग आम्ही पहिल्यांदा पाहिला तो बाई रुजू झाल्या त्याच दिवशी. हेडसर तेव्हा हेडसर झालेले नव्हते, नुसतेच सर होते. पण चौकशा हेडसरच्या तोऱ्यात करायचे.

"गायकवाड म्हणजे कुठले गायकवाड तुम्ही?"

"लोणावळ्याचे."

"ते झालं हो. पण मूळचे?"

"मूळचेही लोणावळ्याचे."

"नाही, म्हणजे आपल्याकडे गायकवाडांत दोन प्रकार असतात, म्हणून विचारलं."

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली. "बरं का सर, तीन असतात. एक तुम्हाला हवे असलेले. दुसरे तुम्हाला नको असलेले. आणि तिसरे, ज्यांना तुमच्या हवं-नकोचं काहीच पडलेलं नाही. मी दुसऱ्यांतली आहे आणि तिसऱ्यांतलीसुद्धा. आता माझं टाइमटेबल द्या."

बाई बौद्ध. बाकीची स्टाफरूम बहुतेक गावोगावच्या शेतकरी घरांतली, मीही त्यातलाच. जात हा शब्द मी आमच्या स्टाफरूममध्ये कधीही ऐकला नाही. आम्ही सगळे फार सुशिक्षित. जातीऐवजी आम्ही वार उच्चारायचो.

बाईंनी कुणाला जेवायला बोलावलं की कळायचं, आठवड्यात वार किती कमी आहेत. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा. शुक्रवार देवीचा. शनिवार मारुतीचा. उरला बुधवार, तर बुधवारी हेडसरांना मीटिंग. उरला रविवार, तर रविवारी घरोघर पाहुणे. एवढे उपास जर ही मंडळी खरोखर करत असती, तर स्टाफरूममध्ये माणसांऐवजी हँगरला अडकवलेले शर्ट बसलेले दिसले असते. प्रत्यक्षात हेडसरांना दोन खुर्च्या लागायच्या. आणि हेच हेडसर गुरुवारी संध्याकाळी सोमाटण्याच्या फाट्यावर, एका ढाब्याच्या मागच्या बाजूला, कोंबडीचा पाय असा सोलायचे, की कोंबडीला वर जाऊन लाज वाटावी. मी शेजारच्याच बाकड्यावर असायचो, म्हणून ठाऊक आहे.

मी जायचो बाईंकडे. पहिल्यापासून जायचो. मला सुधारक वगैरे समजू नका, मी खादाड आहे. जिथं कांदा-खोबरं भाजल्याचा वास येतो तिथं माझे पाय मला विचारल्याशिवाय वळतात. एकदा तर त्या वासावर मी शाळेपासून लोणावळ्यापर्यंत सायकल हाणली आणि पोचल्यावर लक्षात आलं, की सायकलला चेनच नाही. बाई मला 'खादाडसर' म्हणायच्या. पानात वाढताना म्हणायच्या, "तुम्ही येता त्याचं मला कौतुक नाही, खादाडसर. तुम्ही कुणाकडेही जाल. मला ते यायला हवेत, जे निवडून जातात."

बाईंना हे एवढंच हवं होतं. बदली नको, पुरस्कार नको, सभेतला सत्कार तर नकोच. स्टाफरूममधल्या माणसांनी आपल्या घरी यावं, आपल्या टेबलाशी बसावं आणि आपल्या ताटात जेवावं. एक दिवस. बास.

बाईंनी घर बांधलं तेव्हा तो दिवस जवळजवळ आला होता. सगळ्या स्टाफला एका रविवारी दुपारचं जेवण सांगितलं. सगळे 'हो' म्हणाले. चक्क हेडसरसुद्धा. बाईंनी पहाटेपासून मटण रांधलं. मी वेळेच्या आधी पोचलो. मग वेळ झाली. मग वेळ टळली. मग फोन यायला लागले. एकाच्या सासऱ्यांचं पोट बिघडलं होतं, एकाची गाडी पंक्चर होती, नलिनीबाईंच्या मुलीला ताप होता. प्रत्येक फोनला बाई गॅस बारीक करायच्या, दुसरा कुणी येईल म्हणून पुन्हा मोठा करायच्या, रस्सा आटला की गरम पाणी घालायच्या. चार वाजेपर्यंत त्या मटणाच्या दोऱ्या झाल्या. वळल्या असत्या तर बैल बांधता आला असता.

बाई पातेल्याकडे बघत म्हणाल्या, "मटणाला वाट बघता येत नाही, सर. बघायला लावली, की त्याचा चोथा होतो."

मी तो चोथा खाल्ला. सगळा. दुसऱ्या दिवशी मला जबडा उघडायला शिपायाची मदत लागली, पण ते असो. दुसऱ्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये आल्या त्या खालच्या आवाजात. एकेकापाशी जाऊन चौकशी केली. सासऱ्यांचं पोट विचारलं. पंक्चर कुठं काढलं ते विचारलं. शेवटी नलिनीबाईंपाशी थांबल्या. नलिनीबाई हिंदी शिकवायच्या, बाईंच्या शेजारचीच खुर्ची त्यांची, दोघींची शाळेत येण्याची बसही एक. स्वभावानं गरीब, पण वाऱ्याप्रमाणं वाकणाऱ्या.

"बरं का नलिनीबाई, मुलीचा ताप उतरला का?"

"हो, आता बरं आहे."

"छान झालं. पण तुम्हाला मुलगाच आहे ना एक?"

नलिनीबाई वहीत बघायला लागल्या. आम्ही बाकीचे खिडकीबाहेर. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांच्या लेकीनं, प्रज्ञानं, त्यांना एक काठी आणून दिली. प्रज्ञा लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टच्या भटारखान्यात शेफ होती. काठी म्हणजे हातभर लांबीचं विजेचं यंत्र. पाणी भरलेल्या पातेल्याच्या काठाला ते चिमट्यानं अडकवायचं आणि हवं ते तापमान लावायचं. यंत्र पाणी तेवढंच गरम ठेवतं, फिरवत राहतं, त्याच्या वर जाऊ देत नाही. मटण मसाल्यासकट पिशवीत घालायचं, हवा काढून तोंड बंद करायचं आणि त्या पाण्यात सोडायचं. उकळी नाही, शिट्टी नाही, ढवळणं नाही. दिवस-रात्र पडून राहू दे. प्रज्ञा त्याला 'सू वीद' म्हणायची. फ्रेंच लोकांचा शब्द. बाई मरेपर्यंत त्याला काठीच म्हणाल्या.

पहिल्यांदा बाईंनी ती काठी कपाटावर टाकली. म्हणाल्या, "पाण्यात आंघोळ घालून मटण शिजतं होय? मग पवना धरणात बोकड सोडा की."

मग प्रज्ञा सहज बोलून गेली, "आई, ह्यातलं मटण जास्त वेळ राहिलं तरी बिघडत नाही. पाहुण्यांना दोन तास उशीर झाला तर झाला. आणि शिजल्यावर पिशवी बर्फाच्या पाण्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवली, की दोन-चार दिवसांनी पुन्हा गरम कर, जसंच्या तसं."

बाईंचा हात चपातीवर थांबला.

"म्हणजे मटण थांबतं?"

"थांबतं."

बाई उठल्या, स्टूल घेतलं आणि कपाटावरून काठी खाली काढली. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी समोर बसून पाहिलंय. लोक त्याला आनंद म्हणतील. तो आनंद नव्हता. तो दुसरा राग होता, ज्याला पहिल्यांदाच हत्यार सापडलं होतं.

त्यानंतर दीडेक महिना बाईंच्या स्वयंपाकघरात युद्ध चालू होतं आणि मी त्यातला जखमी शिपाई होतो. पहिल्या वेळी बाईंनी आपलं नेहमीचं वाटण, कच्चा लसूण, आलं, कांदा, सगळं मटणाबरोबर पिशवीत भरलं. आपल्याकडे तसंच करतात, सगळं एकत्र आणि वर झाकण. पण त्या न उकळणाऱ्या पाण्यात कांदा-लसूण शिजतच नाही. पिशवी उघडली तेव्हा मटण लोण्यासारखं आणि लसूण असा कच्चा, की माझ्या श्वासानं परतीच्या वाटेवर दोन म्हशी रस्ता सोडून बाजूला झाल्या. बाईंनी काठीला शिव्या घातल्या, मग फ्रेंचांना, मग मला. प्रज्ञा म्हणाली, "आई, वाटण आधी तेलात चांगलं परत, गार कर, मग पिशवीत घाल. आणि लसूण कच्चा कधीच नको."

दुसऱ्या वेळी पिशवीत हवा राहिली. पिशवी पाण्यावर तरंगायला लागली, वरची बाजू कच्ची. बाईंनी तिच्यावर वरवंटा ठेवला. वरवंट्यानं पिशवी फाटली आणि सगळा मसाला पाण्यात. त्या दिवशी आम्ही कुणाच्याही बापानं प्यायलं नसेल इतकं पातळ सूप प्यायलो. मग प्रज्ञानं दाखवलं, की पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून ती हळूहळू पाण्यात बुडवायची. पाणीच हवा बाहेर दाबतं. शेवटच्या क्षणी तोंड मिटायचं. हे बघून बाई स्वतःवरच चिडल्या. "मी तीस वर्षं पोरांना पाण्याचा दाब शिकवला," म्हणाल्या, "आणि पातेल्यात मात्र वरवंटा ठेवला."

तिसऱ्या वेळी लाइट गेली. लोणावळ्याचा पाऊस आणि लोणावळ्याची लाइट, दोघं एका घरात राहत नाहीत. किती वेळ गेली होती ते कळलं नाही, पाणी अगदी कोमट झालेलं. प्रज्ञा फोनवर म्हणाली, "टाकून दे. असं अर्धवट कोमट राहिलेलं मटण खायचं नाही." बाईंनी ते मटण टाकलं आणि वीज कंपनीच्या ऑफिसात गेल्या. तिथं काय झालं मला ठाऊक नाही. एवढं खरं, की पुढचा आठवडाभर त्या गल्लीत लाइट गेली नाही आणि तिथला एक वायरमन बाईंना बघून खांबावर चढायचा, काम नसताना.

चौथ्या वेळी सगळं जमलं. वाटण परतलेलं, हवा काढलेली, इन्व्हर्टर आणलेला. एक दिवस आणि एक रात्र मटण पाण्यात होतं. आणि ऐन वेळी बाई दळण आणायला बाहेर पडल्या.

शेजारी विठामावशी राहायच्या. मूळच्या कुरवंड्याच्या, शेतकरी घरातल्या, वय ऐंशीच्या आसपास, दात दोन. दार उघडं असो-नसो, मावशी आत. मी पोचलो तेव्हा मावशी गॅसपाशी उभ्या आणि कुकर शिट्ट्या देत होता. काठी ओट्यावर आडवी पडलेली. पिशवी फाडून रिकामी.

एवढ्यात बाई आल्या.

"मावशी, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजी? आगं, कालधरनं बघतीया, त्या पान्याला उकळी न्हाई का काय न्हाई. म्या बोट घालून बघितलं, धड चटका बी बसंना. मटान कच्चं मरतंय निस्तं. दिल्या चार शिट्ट्या."

बाईंचा आवाज असा फुटला, की मी भिंतीला टेकलो. "मावशी, एक दिवस आणि एक रात्र थांबले होते मी त्याच्यासाठी!"

"मंग आमच्यावानी करायचं की. आर्ध्या तासात हुतंय." मावशींनी कुकरची शिट्टी उलथण्यानं उचलून वाफ सोडली. "आन वरडू नगंस. लय भूक लागलीया. वाढ."

बाईंनी ताट घेतलं, मावशींपुढे आदळलं आणि वाढलं. मावशी जेवल्या, दोन दातांनी, बोटं चाटून. जाताना म्हणाल्या, "लय मऊ झालंय. शिट्टीचाच गुन."

मावशी गेल्यावर बाईंनी ओट्यावरची काठी पुसून ठेवली. मग म्हणाल्या, "न विचारता येते, सगळ्यात हात घालते, वाटोळं करते. पण येते, सर. ही येते. शिकलेल्यांना वार लागतो."

आषाढ लागला. मावळात आषाढ म्हणजे आखाड. पुढे श्रावण, महिनाभर मटण बंद. म्हणून आधी एकमेकांना बोलावून घ्यायचं, जावयाला, व्याह्याला, शेजाऱ्याला, ऑफिसातल्यांना. हेडसरांच्या घरी आखाडाला नव्वद माणसं जेवली. बाईंना निरोप नव्हता. निवृत्त झाल्या ना, विसरले असतील. मी गेलो होतो, जेवलो, आणि जेवताना प्रत्येक घासाला हेडसरांना मनातल्या मनात शिवी दिली. एकोणपन्नास झाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाईंचा मेसेज आला.

"सर्वांना आखाडाचं आमंत्रण. वाराची काळजी करू नये. मटण शिजवून ठेवलं आहे. ज्याचा उपास ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी त्यानं यावं. मटण थांबेल."

ग्रुप गप्प. एरवी कुणी सकाळचं फूल टाकलं तरी चाळीस हात जोडले जातात. त्या दिवशी एकही हात जुळला नाही.

मग बाईंनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. मी समोर बसून ऐकत होतो.

"सर, सोमवार ना? मग मंगळवारी या. मंगळवारी गणपती? बरं, बुधवारी. मीटिंग? किती वाजता संपते? संपल्यावर या. दमता? मग शुक्रवारी या. देवी? शनिवारी मारुती? रविवारी पाहुणे? पाहुण्यांना घेऊन या. नाही, नाही, मटण खराब होत नाही. नाही, चोथा होत नाही. त्याला काही घाई नाही, सर. तुम्हाला तरी काय घाई आहे?"

एकेक कारण घ्यायचं, त्याला शेवटपर्यंत चालू द्यायचं, आणि पुढे भिंत दाखवायची. कुणी पाव्हण्यांच्या लग्नाला गेलं, कुणी फोन बंद करून ठेवला. पाच दिवस हे चाललं. बाईंनी एक खेप शिजवून संपवली, दुसरी शिजवली, गार केली, फ्रीजमध्ये ठेवली. प्रज्ञा ओरडायची, "आई, आता पुरे कर, तुझं बीपी." बाई म्हणायच्या, "माझं बीपी नाही वाढलं. त्यांची कारणं संपत आलीत."

आणि खरंच संपली. गुरुवारी सकाळी हेडसरांचा फोन आला. दुपारी येतो, नलिनीबाईंनाही घेऊन येतो.

मी पोचलो तेव्हा बाईंनी इस्त्रीची साडी नेसलेली होती. टेबलावर नवी ताटं मांडलेली, वाट्या, लिंबू, कांदा, भाकऱ्या फडक्यात. काठी गरम पाण्यात घोंघावत होती. चार पिशव्या आत. बाई सारख्या ताटं सरळ करत होत्या, जी सरळच होती. ह्या बाईचा आवाज टोलनाक्याचे दांडे उचलायचा, आणि आज तिला ताटं सरळ दिसत नव्हती.

हेडसरांची गाडी दारात लागली. हेडसर उतरले. पायरीवर आले आणि तिथंच थांबले. मागे नलिनीबाई.

"या, आत या," बाई म्हणाल्या.

"बसत नाही बाई, आज गुरुवार. पण म्हटलं, तुम्ही इतक्या प्रेमानं बोलावताय, मान राखला पाहिजे." हेडसर हसले. "प्रज्ञाच्या रिसॉर्टवरच्या एकानं सांगितलं, तुमचं हे मटण म्हणे पिशवीत असतं. बंद. तर असं करा, दोन पिशव्या द्या. घरी नेतो, उद्या आमच्या मंडळी गरम करतील. सीलबंद असलं म्हणजे काही प्रश्नच नाही. फार सोयीचं मशीन आहे हो तुमचं."

सीलबंद असलं म्हणजे काही प्रश्नच नाही.

हे वाक्य मी आजही रस्त्यानं चालताना मोठ्यानं म्हणतो आणि लोक वळून बघतात. ज्या पिशवीनं बाईंनी त्यांची सगळी कारणं हरवली, तीच पिशवी त्यांनी नवं कारण करून दाखवली. मटण चालतं, घर चालत नाही. हात चालतात, दिसले नाहीत तर. माझ्या हातात भाकरी होती. ती मी हेडसरांच्या तोंडावर फेकली नाही, कारण बाजरीची होती आणि बाजरीनं काय पाप केलंय.

बाई वळल्या. आत गेल्या. मला वाटलं, देणार.

गॅसवर कढई होती, तीत परतलेला मसाला. बाईंनी गॅस मोठा केला. पाण्यातून पहिली पिशवी काढली, कात्री घेतली, तोंड कापलं आणि मटण कढईत. चर्र आवाज झाला. दुसरी पिशवी. तिसरी. चौथी. रिकाम्या पिशव्या घेऊन बाई दारात आल्या आणि हेडसरांना दाखवल्या.

"बरं का सर, आता सील नाही. आता हे माझं आहे. खायचं असेल तर आत या, ताट माझं, टेबल माझं, वाढणार मी."

"बाई, गुरुवार आहे म्हणून..."

"उपास धरा ना सर. पण माझ्या दारात धरू नका."

हेडसर लाल झाले. म्हणाले, "तुम्ही प्रत्येक गोष्टीत तेच बघता."

"मी नाही बघत. तुम्ही बघता, म्हणून तर पायरीवर उभे आहात." आणि मग बाईंचा आवाज चढला, पहिला राग, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "तुमच्यासाठी मटणाला थांबायला शिकवलं मी! चूक माझी. तुमची थांबवायची सवय, माझी थांबायची. आता बास. आता गरम आहे तेवढ्यात जो येईल तो जेवेल."

हेडसर गाडीत बसले. हॉर्न वाजवला. नलिनीबाई पायरीवरच होत्या. एक चप्पल काढलेली, एक पायात. हेडसरांनी पुन्हा हॉर्न वाजवला. नलिनीबाईंनी दुसरी चप्पल काढली.

गाडी गेली.

"तुमचाही गुरुवार ना?" बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता.

नलिनीबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मला गुरुवार नाही. कुठलाच वार नाही, बाई. कधीच नव्हता."

"ठाऊक आहे. हात धुवा."

एवढंच. गळ्यात पडणं नाही, रडणं नाही. बाईंनी ताट वाढलं ते आपटूनच. मीही बसलो, मला कुणी बोलावण्याची गरज नसते. मटण असं झालं होतं, की हाडाकडे नुसतं बोट केलं तरी ते आपण होऊन बाजूला सरकायचं. मी तीन वेळा घेतलं. बाई उभ्या. कमरेवर हात. नलिनीबाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मी घास तोंडात धरून बसलो. आता छत उडणार.

"कमी नाही," बाई म्हणाल्या.

"आहे. रश्शात कमी आहे."

"अख्खी नोकरी लावलीत इथवर यायला, आणि आल्या आल्या मीठ कमी?"

"मग खोटं सांगू? खोटं बरंच सांगून झालंय." नलिनीबाई खुर्चीवरून उठल्या. "कुठं असतं मीठ? मी घेते."

"माझ्या स्वयंपाकघरात कुणी हात घातलेला मला चालत नाही."

"विठामावशी घालतात."

"ती मावशी आहे."

"मग मी कोण आहे?"

पुढचं मला ऐकता आलं नाही. घरून तिसरा फोन आला होता, उर्स्याला आमच्याकडे पाहुणे येऊन बसले होते, आणि ह्या वेळी पाहुणे खरे होते. मी दारात बसून बूट चढवत होतो. त्यानंतर बाई मला दिसल्या नाहीत. श्रावणात प्रज्ञाला गोव्यात नोकरी लागली, ती आईला घेऊन गेली आणि तिकडूनच बातमी आली.

म्हणून आजही मला बाई दिसतात त्या अशा: स्वयंपाकघराच्या दारात, दोन्ही हात चौकटीला, वाट अडवून उभ्या, नाकपुड्या फुललेल्या. समोर नलिनीबाई, उष्टा हात तसाच वर धरलेला. दोघी भांडत होत्या. मी बुटाची नाडी बांधली आणि वर पाहिलं, तेव्हा बाईंनी चौकटीवरचा एक हात काढला होता आणि त्या अर्धं पाऊल बाजूला झाल्या होत्या. रागातच.